मानाचे घर

त्या दिवशी सकाळी शिलाईकाकूंनी शाळेच्या दोन पँटींची दुमड उसवून त्या लांब केल्या, एका कोटाचे अस्तर बदलले आणि मग हात धुऊन कपाटातले निळे कपडे बाहेर काढले. निळेच हवे असत. पांढरे कॅमेऱ्यात चमकतात आणि काळ्याने माणूस फार उदास दिसतो, असे त्यांना सहा वर्षांपूर्वी समजावून सांगण्यात आले होते. मुलगा गेलेल्या बाईने फार उदास दिसू नये, ही अपेक्षा काकूंना तेव्हाही चमत्कारिक वाटली होती. पण समजावून सांगणारे साहेब इतके गोड बोलत होते की त्यांनी मान डोलावली.

"अहो, सदरा बदला तेवढा. नऊला येतील ती माणसं," त्या आतून म्हणाल्या.

"माझं काय काम तिथं? मुलाखत तुझी आहे."

"बाजूला बसायचं. मागच्या वेळी बसला होतात तसं."

"मागच्या वेळी तिथं खुर्ची रिकामी होती म्हणून बसलो होतो," तपासनीस म्हणाले आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले.

तपासनीस म्हणजे काकूंचे यजमान. तोफगोळ्यांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे पितळी नळकांडी तपासली. गोळ्यामागे दारू भरलेले जे नळकांडे असते, त्याच्या बुडाला केसाएवढी चीर राहिली तरी तोफेचा जाळ पुढे जाण्याऐवजी मागे उलटतो. ती चीर भिंगातून हुडकायची, मापाच्या कड्या लावून पाहायच्या, आणि मग पोलादी ठशाने बुडावर खूण ठोकायची. नुसते वर्तुळ म्हणजे चांगले. वर्तुळात तिरकी रेघ म्हणजे बाद. प्रत्येक तपासनिसाच्या ठशाला त्याची अशी एक खोड असे. यांच्या वर्तुळाला खालच्या बाजूला बारीकसा दात होता. निवृत्त होण्याच्या कितीतरी आधी, एकदा लहर आली म्हणून, त्यांनी जुना ठसा घरी आणून स्वयंपाकघरातल्या सगळ्या भांड्यांवर वर्तुळे ठोकली होती. गळक्या किटलीवर मात्र रेघ मारली. काकूंनी ती किटली आठवडाभर आल्यागेल्याला दाखवली होती. "बघा, आमच्या घरात नवरा सोडून सगळ्याची तपासणी होते," असे म्हणून त्या हसत.

तेव्हा त्यांचा लंबू होता. लंबू हे बापाने ठेवलेले नाव. पंधराव्या वर्षीच पोराचे डोके दाराच्या चौकटीला लागायला लागले होते. तो तोफखान्यात गेला आणि तोफेत गोळा भरण्याचे काम त्याच्याकडे आले. हात लांब म्हणून. तेविसाव्या वर्षी तो गेला. पेटी बंद आली आणि बंदच राहिली.

वाचकहो, आता त्या वसाहतीतल्या एका रीतीविषयी सांगायला हवे. वसाहत कारखान्याची, शाळा कारखान्याची, दवाखानाही कारखान्याचाच. सैन्यातला कुणी गेला की कारखान्याचा भोंगा भलत्याच वेळी तीनदा वाजे आणि बायका हातातले काम टाकून दारात येत. तासाभरात कारखान्याची गाडी त्या घरापुढे उभी राही. दारावर चार स्क्रूंनी पाटी बसे: 'मानाचे घर'. काही दिवसांनी बाहेरच्या खोलीत एक चकचकीत पितळी नळकांडे येई, लाकडी बैठकीवर बसवलेले, मुलाचे नाव कोरलेले. हे त्याच्याच तोफेवरून आणलेले आहे, असे आवर्जून सांगितले जाई. तिथून पुढे त्या आईची पहिली रांग ठरलेली. नव्या शेडचे उद्घाटन असो की नव्या तोफेचे, तिने यायचे, निळे कपडे घालून बसायचे. ज्या बाईचा मुलगा शिकायला बाहेर गेला किंवा दुकानात चिकटला, तिच्याकडे नळावर कुणी धड बघत नसे. हा मान म्हणून चालत आला होता आणि त्याला मान म्हणताना कुणाची जीभ अडखळत नव्हती. मला विचाराल तर, ज्याने घर बुडवले त्यानेच दारावर पाटी लावावी आणि घरातल्यांनी ती दर आठवड्याला पुसावी, याला दुसरा शब्द आहे. पण तो मी इथे लिहीत नाही. तुम्हाला तो माहीत आहे.

लंबू गेला त्याच्या चौथ्या दिवशी कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी काकूंच्या घरी आले होते. वसाहतीत त्यांना साखरसाहेब म्हणत. त्यांनी काकूंचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितले, की तोफेजवळचे गोळे संपले होते; गोळे तयार होते हो, पण सरकारी तपासणीत अडकून पडले होते; सरकारी निरीक्षकाची सही व्हायला पाच-पाच आठवडे लागतात; वेळेवर पोचले असते तर... आणि ते थांबले. पुढचे काकूंच्या मनाने पुरे केले.

मग माहितीपट झाला. त्यात काकू या खिडकीजवळ बसून म्हणाल्या, "माझ्या मुलाकडे गोळे नव्हते. ते कागदांत अडकले होते. दुसऱ्या कुठल्या आईवर ही वेळ आणू नका." म्हणता म्हणता त्यांचा आवाज फुटला. तो खराच फुटला होता. तो माहितीपट कायदा करणाऱ्यांना एका मोठ्या सभागृहात दाखवला गेला. काही जणांनी डोळे पुसले, आणि दोन महिन्यांत सरकारी तपासणी बंद झाली. आपले गोळे कारखान्यानेच तपासायचे आणि कारखान्यानेच चांगले म्हणायचे, असे ठरले. तेव्हा वसाहतीत चौदा मानाची घरे होती. त्यानंतर कुठले मोठे युद्ध झाले नाही, तरी सहा वर्षांत ती एकतीस झाली. सरावात तोफा फुटत होत्या. 'सीमेवरचे अपघात' एवढेच छापून येई.

आणि आता दुसरा कायदा येणार होता. अशा अपघाताची चौकशीही कारखान्यानेच करावी. बाहेरच्यांना त्यातले काय कळते? त्यासाठी नवा माहितीपट हवा होता आणि माहितीपटात काकू हव्या होत्या.

नऊच्या ठोक्याला गाडी आली. साखरसाहेब पुढे, मागे केस बारीक कापलेली, किरकोळ अंगाची एक मुलगी. ती दिग्दर्शिका, बाहेरून बोलावलेली. तिच्यामागे दिव्यांचे स्टँड काखोटीला मारून प्रकाशयोजनेवाला.

"कशा आहात, आई?" साखरसाहेबांनी विचारले. वसाहतीतल्या एकतीस बायकांना ते आई म्हणत.

"आहे आपली. चहा घेणार ना?"

"तुमच्या हातचा चहा आणि नाही म्हणू? आई, फार काही नाही, मागच्यासारखंच बोलायचं. फक्त शेवटी एक वाक्य घालू या. 'कारखाना हे आमचं घर आहे, घरातल्या गोष्टी घरातच बघू द्या.' तुमच्या तोंडून ते असं काळजातून येतं ना..."

काकूंनी वाक्य दोनदा पुटपुटून पाहिले, शिवणाचे माप लक्षात ठेवावे तसे. तपासनीस रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले होते. सदरा बदललेला नव्हता.

दिवा लागला तेव्हा नळकांड्यावर प्रकाश पडून थेट कॅमेऱ्यात चमकू लागला. दिग्दर्शिकेने ते थोडे पुढे झुकवायला सांगितले. प्रकाशवाल्याने उचलून पाहिले. "ताई, ही लाकडी बैठक आडवी येतेय. तीन स्क्रू आहेत, काढू का? नुसतं नळकांडं ठेवलं तर बरोबर बसेल."

"हात लावू नकोस त्याला!"

तपासनीस इतक्या जोरात ओरडले की चहाचा कप काकूंच्या हातातून बशीत कलंडला. एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि छत्तीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने आवाज चढवलेला कुणाला आठवत नव्हता. त्यांनी पुढे होऊन नळकांडे प्रकाशवाल्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतले आणि छातीशी धरून उभे राहिले.

"काका, मोडत नाही हो मी," प्रकाशवाला ओशाळून म्हणाला.

"राहू दे, राहू दे," साखरसाहेब घाईने म्हणाले. त्यांचे लक्ष नळकांड्याकडे नव्हते, तपासनिसांकडे होते. "बापाचं मन आहे. आज नको. उद्या सकाळी निवांत करू."

गाडी गेली. तपासनिसांनी नळकांडे जागेवर ठेवले, फडक्याने एकदा पुसले, आणि दुपारी जेवण झाल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या आणायला म्हणून दवाखान्यात गेले. गोळ्यांची पट्टी अजून अर्धी शिल्लक होती.

काकू मशीनवर बसल्या, पण टाके सरळ पडेनात. दर रविवारी हा माणूस ते पितळ घासतो. दुसऱ्या कुणाला घासू देत नाही. काकूंना ते बापाचे प्रेम वाटत आले होते. आज ओरडला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते प्रेम नव्हते. ती भीती होती, आणि छत्तीस वर्षांच्या बायकोला तेवढे कळते.

त्यांनी मशीनच्या खणातला बारका स्क्रूड्रायव्हर काढला. नळकांडे मांडीवर आडवे घेतले. तीन स्क्रू सहज फिरले. आधी कुणीतरी ते काढून पुन्हा बसवले होते, म्हणून इतके सहज. लाकडी बैठक सुटली आणि बूड उघडे पडले.

आकडे होते, कारखान्याचे चिन्ह होते. मधोमध कारखान्याची चांदणी, ठसठशीत, नवी. चांदणी म्हणजे 'पाठवायला हरकत नाही'. आणि चांदणीच्या खाली, तिने पुरते न झाकलेले, एक वर्तुळ. वर्तुळाला खालच्या बाजूला बारीकसा दात. वर्तुळात तिरकी रेघ.

काकूंना आकडे वाचता येत नव्हते असे नाही, पण त्यांना आकड्यांची गरज पडली नाही. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, माळ्यावरची गळकी किटली काढली, आणि दोन्ही बुडे खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरून उभ्या राहिल्या.

ज्याने बक्षीस म्हणून हे नळकांडे निवडले, त्याने तोफेजवळच्या ढिगातले एक उचलले, घासले, नाव कोरले आणि बूड दिसू नये म्हणून लाकूड लावले. लाकूड लावले की झाले, एवढाच त्याचा हिशोब. ते तपासनिसाच्याच घरी जाणार आहे, हे त्याच्या ध्यानात आले नसावे. किंवा आले असेल आणि फरक पडला नसेल. रोज शेकडो माणसांना मारायच्या वस्तू मोजणाऱ्याला एका म्हाताऱ्याच्या नजरेची काय पत्रास?

तपासनीस परतले तेव्हा दोन्ही वस्तू जेवणाच्या टेबलावर होत्या. ते दारातच थांबले.

"कधी कळलं तुम्हाला?" काकूंनी विचारले.

तपासनीस खाली बसले. बराच वेळ चप्पल काढत राहिले.

"नळकांडं ठेवून गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी. बैठक हलत होती, म्हणून स्क्रू आवळायला घेतले."

"सहा वर्षं."

"अख्खा लॉट मी बाद केला होता. बुडाला चिरा होत्या. सरकारी निरीक्षकानंही माझ्याबरोबर सही केली होती. वितळवायला आवारात काढून ठेवला होता. मला वाटलं, वितळवला."

"म्हणजे गोळे कमी नव्हते."

"नव्हते. गोळे होते. हेच होते."

काकूंनी टेबलाची कड धरली. "मग लंबू..."

"भरणारा माणूस मागंच उभा असतो," तपासनीस म्हणाले.

काकूंनी विचारले, "आणि मला बोलू दिलंत?"

"तू आधीच बोलून बसली होतीस गं. आदल्याच दिवशी ते शूटिंग झालं होतं. मी मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, घाईचा काळ होता, फेरतपासणी करून पाठवला. म्हणाला, बायकोला सांगणार आहात का? सगळ्या देशासाठी कॅमेऱ्यापुढे ती काय बोलली ते खोटं होतं, हे तिला कळलं तर ती जगेल का?" त्यांनी डोळ्यांवर हात धरले. "मला वाटलं, तू जगणार नाहीस."

"मी जगले असते," काकू म्हणाल्या. "नंतरच्या त्या सतरा घरांची पोरं कदाचित जगली असती."

काकू रडल्या नाहीत. सहा वर्षांत त्यांचे रडणे इतक्या वेळा वापरून झाले होते, की आता त्याचा त्यांना स्वतःलाच विटाळ वाटत होता. नवऱ्यावर त्यांना राग आला आणि त्याची कीवही आली, आणि दोन्हींपेक्षा जास्त स्वतःच्या त्या फुटलेल्या आवाजाची लाज वाटली. त्या आवाजानेच तर सरकारी निरीक्षकाला दाराबाहेर काढले होते. दुपार तशीच गेली. दोघे समोरासमोर बसून होते. कुणी जेवणाची भांडीसुद्धा उचलली नाहीत.

संध्याकाळी तपासनीस म्हणाले, "उद्या त्यांना तब्येत बरी नाही म्हणून सांगू."

"तब्येत चांगली आहे माझी. येऊ देत."

दुसऱ्या दिवशी नऊला गाडी आली. काकू खिडकीजवळ बसल्या. कपडे रोजचे, मशीनवर बसायचे. बाहीला दोरे चिकटलेले. साखरसाहेब म्हणाले, "आई, निळे नाही घातले?" काकू म्हणाल्या, "नाही घातले." नळकांडे त्यांच्या मांडीवर होते. साहेबांना ती कल्पना आवडली. मूल मांडीवर घ्यावे तसे, फार छान दिसेल, असे ते दिग्दर्शिकेच्या कानात म्हणाले.

दिवा लागला. दिग्दर्शिकेने मान हलवली.

"माझा मुलगा तोफेत गोळा भरायचा," काकू म्हणाल्या. "त्याच्याकडे गोळे नव्हते असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण खोटं होतं. गोळे होते. ते त्याच्या बापानं बाद केलेले होते. ही बघा बापाची खूण, आणि ही तिच्या उरावर मारलेली कारखान्याची चांदणी."

"कट," साखरसाहेब म्हणाले.

"माझ्या बोलण्यावरून तुम्ही तपासणी बंद केलीत. आता चौकशीही बंद करायला निघालात. मी..."

"अहो, कट म्हटलं ना! बंद करा तो कॅमेरा!"

दिग्दर्शिकेचा हात बटणावर होता, पण तिने ते दाबले नव्हते. साहेबांनी स्वतः पुढे होऊन दिवा विझवला. मग हात पुढे करून म्हणाले, "कार्ड." मुलीने क्षणभर काकूंकडे पाहिले, कॅमेऱ्यातून कार्ड काढले आणि त्यांच्या तळव्यावर ठेवले. तिची मान खाली गेली ती गाडीत बसेपर्यंत वर आली नाही.

"आई," साहेब म्हणाले. आवाज अजूनही गोडच होता. "दुःखानं माणूस असं करतो. मी समजू शकतो. पण काकांची सही आहे गोपनीयतेच्या कागदांवर. आणि हे घर कंपनीचं आहे."

"मी तुमची आई नाही," काकू म्हणाल्या. "तुमची आई जिवंत आहे ना? मुलगाही जिवंत आहे तिचा. जा तिच्याकडे."

त्याच संध्याकाळी एक माणूस येऊन दारावरची पाटी काढून घेऊन गेला. चार भोके राहिली. त्या आठवड्यात शिवायला आलेले कपडे लोकांनी अर्धवट शिवलेले तसेच परत नेले. "घाई नव्हती तशी," कुणी म्हणाले. "मुलीनं मशीन घेतलंय," कुणी म्हणाले. एकतिसातल्या सहा आयांकडे काकू स्वतः गेल्या. चौघींनी दार लोटले. पाचवी म्हणाली, "तुमचं म्हणणं खरं असलं ना, तर माझा मुलगा फुकट गेला. मला ते खरं नकोय." सहावीने मात्र आपल्या नळकांड्याची बैठक मुकाट्याने सोडवून दाखवली. तिथेही चांदणी होती, आणि चांदणीखाली काहीतरी कानशीने घासून टाकलेले होते. चूक त्यांनी सुधारली होती.

तपासनिसांनी पाच पानांचे निवेदन आपल्या हाताने लिहिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कारखान्याच्या कागदाऐवजी शाळेच्या वहीचा कागद वापरला. नळकांडे पिशवीत घालून ते आगगाडीने राजधानीला, कायद्याचा विचार करणाऱ्या समितीकडे गेले. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा पिशवी रिकामी होती.

"समितीनं ठेवून घेतलं?" काकूंनी आशेने विचारले.

"समितीपर्यंत गेलोच नाही. दारावर झडती घेतात. शस्त्राचा भाग आत नेता येत नाही म्हणाले. जप्त केला." ते खुर्चीत टेकले. "निवेदन घेतलं. नकलेवर शिक्का मारून दिलाय."

"मग त्यांना सांगायचं ना, की हे आमच्या घरात सहा वर्षं फुलदाणीसारखं ठेवलं होतं, कारखान्यानंच दिलं म्हणून!"

"सांगितलं. हसला तो पहारेकरी."

माहितीपट महिनाभराने वसाहतीच्या सभागृहात दाखवला गेला. काकूंना आमंत्रण नव्हते, पण दार सगळ्यांना उघडे होते. दोघे मागच्या भिंतीशी उभे राहिले. पडद्यावर नव्या तोफा आल्या, झेंडा आला, यंत्रांवर वाकलेल्या तरुण मुली आल्या. मग खिडकीजवळ बसलेली, सहा वर्षांनी तरुण, निळ्या कपड्यांतली एक बाई आली आणि म्हणाली, "माझ्या मुलाकडे गोळे नव्हते." तिचा आवाज फुटला. सभागृहात कुणीतरी नाक ओढले. नंतरचे वाक्य, घरातल्या गोष्टी घरातच बघू द्या हे, त्यांनी दुसऱ्याच एका आईकडून म्हणवून घेतले होते.

काकू स्वतःकडे पाहत उभ्या राहिल्या. त्या बाईला त्या गप्प करू शकत नव्हत्या. ती आता त्यांची उरली नव्हती. ती कारखान्याच्या मालकीची होती आणि हवे तेव्हा, हवे तिथे रडणार होती. दिवे लागल्यावर टाळ्या झाल्या. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या म्हातारीकडे वळून पाहायचे कुणाला सुचले नाही. कायदा त्याच महिन्यात झाला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. तुम्हीही त्या कदाचित वाचल्या असतील आणि पान उलटले असेल. मीसुद्धा उलटले होते.

त्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, भोंगा तीनदा वाजला.

तपासनीस दाढी करत होते. काकू उठल्या, चष्मा लावला, चपला घातल्या.

"कुठं निघालीस? आपल्याला कोण उभं करणार आहे आता?"

"त्या बाईला त्यांनी माझ्यासारखं कॅमेऱ्यापुढं उभं करू नये म्हणूनच चाललेय. तुमची ती निवेदनाची नक्कल द्या. आणि तोंड धुऊन मागून या. चिरा कशा असतात, जाळ उलटा कसा येतो, ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही सांगा."

दारात आलेल्या बायकांनी दाखवलेले घर लाँड्रीत काम करणाऱ्या बाईचे होते. दोन खोल्या, दारात वाळत घातलेल्या चादरी. काकू जवळजवळ पळतच गेल्या, तरी गाडी आधी पोचली होती. एक माणूस दारावर पाटी धरून स्क्रू बसवत होता. आत प्रकाशवाला स्टँड उभा करत होता, साखरसाहेब कॉटवर त्या बाईशेजारी बसले होते, तिचे दोन्ही हात हातात घेऊन. साबणाने पांढरे पडलेले, सुरकुतलेले हात.

"ह्यांना आत कुणी सोडलं?" साहेब उठले. "बाई, ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ह्यांचं डोकं..."

पण ती बाई काकूंकडेच पाहत होती. रडून लाल झालेल्या डोळ्यांत ओळख उमटली, आणि ती धडपडत उठून उभी राहिली.

"तुम्ही! तुम्हीच ना त्या? शाळेत दाखवतात त्या फिल्ममधल्या?" तिने काकूंचे खांदे धरले. "मी पोराला जाऊ देत नव्हते हो. वर्षभर भांडले त्याच्याशी. मग तुमचं ते ऐकलं. म्हटलं, ह्या बाईचा गेला तरी ती इतकी ताठ उभी आहे, आणि मी काय अडवून बसलेय? तुमचं ऐकून मी त्याला जाऊ दिलं."

काकूंनी खांद्यांवरचे तिचे हात घट्ट धरले. हे ऐकावे लागेल, अशी त्यांची तयारी नव्हती. पळून जावे, असे त्यांना त्या क्षणी खरोखर वाटले. दारातून तपासनीस आत येत होते, गालावर अजून साबणाचा फेस.

"तेव्हा माझं ऐकलंस ना," काकू म्हणाल्या. "मग आता आणखी एकदा ऐक. नंतर मला काय म्हणायचं ते म्हण, मार मला, मी इथंच बसते."

"बाई, हे लोक देशाच्या..." साखरसाहेब मध्ये पडले.

लाँड्रीवालीने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिने पांढऱ्या पडलेल्या हाताने दिव्याची वायर भिंतीतून ओढून काढली, कॉटवर बसली आणि काकूंसाठी शेजारी जागा केली.

"सांगा," ती म्हणाली. "माझा मुलगा कसा गेला?"